रॉयल चार्ल्स : पगार थकले आणि जहाज गेलं

डोलकाठी (धागाकर्ता)

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये इंग्लंडच्या राजाचं राजचिन्ह आहे. लाकडात कोरलेलं, मधे ढाल, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी घोडा. ते कुणी भेट दिलेलं नाही. १६६७ साली डच आरमाराने इंग्रजांचं सर्वात मानाचं जहाज त्यांच्याच नदीतून ओढून नेलं, त्या जहाजाच्या मागच्या बाजूचा हा तुकडा. जहाजाचं नाव रॉयल चार्ल्स. गेले काही महिने मी याच जहाजाच्या मागे आहे. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१६५५ साली वुलिचच्या गोदीतून ते पाण्यात उतरलं तेव्हा त्याचं नाव होतं 'नेझबी'. दहा वर्षांपूर्वी नेझबीच्या लढाईत पार्लमेंटच्या फौजेने राजा पहिला चार्ल्स याचा कणा मोडला होता. पुढे १६४९ साली राजाचं डोकं उडवलं गेलं आणि सत्ता ऑलिव्हर क्रॉमवेलकडे आली. म्हणजे राजाच्या पराभवाचंच नाव जहाजाला दिलं. ८० तोफांचं, तीन मजल्यांवर तोफा असलेलं धूड. नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) घोड्यावर बसलेला क्रॉमवेल कोरलेला आणि टापांखाली सहा देशांची माणसं. जॉन एव्हलिनने ते पाहून रोजनिशीत सहाही नोंदवले आहेत : स्कॉट, आयरिश, डच, फ्रेंच, स्पॅनिश आणि इंग्रज. सहावा इंग्रज! एव्हलिन राजनिष्ठ होता. टापेखालचा तो इंग्रज आपणच, असं त्याला वाटलं असणार.

पाच वर्षांत वारं फिरलं. क्रॉमवेल गेला, त्याच्या मुलाला राज्य झेपलं नाही, आणि हॉलंडमध्ये दिवस काढणाऱ्या दुसऱ्या चार्ल्सला परत बोलवायचं ठरलं. त्याला आणायला गेलं ते हेच नेझबी. त्या प्रवासात आरमारप्रमुख एडवर्ड माँटॅग्यूचा चिटणीस म्हणून सॅम्युएल पीप्स होता, तो रोजनिशी लिहायचा, त्यामुळे आपल्याला बारीकसारीक गोष्टीही कळतात. मे १६६० मध्ये डेकवर शिंपी पिवळं कापड बेतत बसले होते. त्यातून मुकुट आणि राजाची आद्याक्षरं कापून निशाणावर लावायची होती, कारण निशाणावर अजून राजा नसलेल्या राज्याचं चिन्ह होतं. २३ मे रोजी स्खेव्हेनिंगनच्या किनाऱ्यावरून राजा जहाजावर आला आणि त्याच दिवशी नेझबीचं रॉयल चार्ल्स झालं. डेकवर येरझाऱ्या घालत राजा वुस्टरच्या पराभवानंतर आपण कसे लपतछपत पळालो ते सांगत होता, आणि ऐकताना पीप्सच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. २५ मेला डोव्हर.

नाळेवरचा क्रॉमवेल मात्र त्यानंतरही काही वर्षं तिथेच होता. डिसेंबर १६६३ मध्ये तो काढला. लोकांना तो फासावर द्यायचा होता, जाळायचा होता. पीप्सला त्यात फक्त खर्च दिसला : नवा पुतळा, म्हणजे समुद्रदेव नेपच्यून, बसवायला राजाचे १०० पौंड उगाच जाणार. ही नोंद वाचल्यापासून हा माणूस मला आवडायला लागला.

१६६२ साली याच जहाजाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागान्झा हिला लिस्बनहून पोर्ट्समथला आणलं. तिच्या हुंड्यात काय होतं ते शाळेत आपण सगळ्यांनी वाचलंय.

मग दुसरं इंग्रज-डच युद्ध. ३ जून १६६५, लोस्टॉफ्टची लढाई. राजाचा भाऊ जेम्स रॉयल चार्ल्सवर होता. डच सेनापती ओब्दामचं एन्द्राख्त समोरासमोर भिडलं. एकाच गोळ्याने जेम्सच्या शेजारी उभे असलेले तीन सरदार गेले, रक्ताचे शिंतोडे त्याच्या अंगावर उडाले. थोड्या वेळाने एन्द्राख्तवरच्या दारूगोळ्याने पेट घेतला आणि ओब्दामसकट ते जहाज उडालं. सुमारे ४०० माणसांतली पाच वाचली. पुढच्या वर्षी १ ते ४ जून अशी सलग चार दिवसांची लढाई झाली. सेनापती जॉर्ज मंक याच जहाजावर होता. गॅलपरच्या वाळूवर जहाज टेकलं आणि सुटलंही. शेजारचं रॉयल प्रिन्स रुतलं ते रुतलंच, डचांनी ते जाळलं. २५ जुलै १६६६ च्या लढाईत मंक आणि राजपुत्र रूपर्ट दोघेही रॉयल चार्ल्सवर होते, आणि ती इंग्रजांनी जिंकली.

एवढ्या लढायांत हे जहाज कुणाच्या हाती लागलं नाही. गेलं ते नांगरावर उभं असताना.

प्लेग, लंडनची आग आणि युद्ध, यांत खजिना रिकामा झाला. ब्रेडा शहरात डचांशी तहाची बोलणी चालूच होती, तेव्हा १६६७ साठी मोठी जहाजं तयार करायचीच नाहीत असं ठरलं. रॉयल चार्ल्स मेडवे नदीत चॅटमजवळ बांधून ठेवलं. ८० पैकी ३२ तोफाच वर होत्या, खलाशी नव्हते. मधे जिलिंगमला नदीच्या आरपार लोखंडी साखळी. जूनमध्ये मिखील द रॉइटर आणि कोर्नेलिस द विट डच आरमार घेऊन आले. १० तारखेला शीअरनेसचा अर्धवट किल्ला पडला, १२ तारखेला साखळी तुटली, आणि त्याच दिवशी रॉयल चार्ल्स गेलं. पीप्सच्या कानावर आलं ते असं : नऊ माणसांची एक होडी जहाजाला लागली, वर चिटपाखरू नव्हतं, त्यांनी निशाण उतरवलं आणि एकाने तुतारी वाजवली.

माझं म्हणणं एवढंच की हे जहाज डच तोफांनी घेतलं नाही. ते इंग्रजांच्या थकलेल्या पगारांनी गेलं. सविस्तर प्रतिसादांत लिहितो.

तळटीप

सुंदर लिहिलंय. ८० तोफा म्हणजे जहाज केवढं, याचा अंदाज येत नाही. टन किती?

डोलकाठी

पठाण (जहाजाच्या तळाचा कणा) १३१ फूट, रुंदी ४२ फूट. टनाचा हिशोब तेव्हा वजनाचा नव्हता, मालाच्या मापाचा होता. पठाणीची लांबी गुणिले रुंदी गुणिले रुंदीचा निम्मा, भागिले ९४. करून बघा : १३१ × ४२ × २१ म्हणजे १,१५,५४२. भागिले ९४, उत्तर १,२२९. नोंदीतही हाच आकडा आहे. आपल्याकडे गलबत किती खंडीचं असं विचारायचे, तसंच हे.

पंचांगवाली

एक शंका. डच लोक रॉयल चार्ल्स २२ जूनला घेतलं म्हणतात, तुम्ही १२ लिहिलंय.

डोलकाठी

ताई, दोन्ही बरोबर. इंग्लंड जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर होतं, हॉलंड प्रांत नव्या ग्रेगोरियनवर. त्या शतकात फरक दहा दिवसांचा. आपण शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख सांगतो तीही ज्युलियनच आहे, नव्या पद्धतीने १६ जून येते. मी धाग्यात सगळीकडे इंग्रजांच्या तारखा वापरल्या आहेत.

पंचांगवाली

आता कळलं. मग मी तुमच्या तारखांवरून तिथी काढून पाहिली. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ ही पक्की तिथी हाताशी आहे, तिथून चांद्रमास मागे मोजत गेले. ११ जून १६६७ च्या आसपास अमावस्या येते. म्हणजे १२ तारखेला नदीत अमावस्येचं उधाण असणार.

माझगावकर

पंचांगवाली ताईंनी मोलाची गोष्ट सांगितली. माझा जन्म खाडीकाठचा, आजोबा मचव्यावर तांडेल होते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असला की जड मचवा आत घ्यायला उधाणाची वाट बघावीच लागते. एरवी टेकलात की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. डचांनी वारा आणि भरती दोन्ही साधलेली दिसतात.

पण डोलकाठी, आत येणं वेगळं आणि एवढं मोठं जहाज बाहेर नेणं वेगळं. रॉयल चार्ल्स पाण्यात चांगलंच खोल बसत असणार. उथळ, वळणावळणाच्या नदीतून ते बाहेर काढलं कसं?

डोलकाठी

काका, हाच प्रश्न पीप्सलाही पडला होता. २२ जूनच्या नोंदीत तो म्हणतो की वारा आणि पाणी अशा वेळचं होतं की चॅटमचा उत्तमातला उत्तम वाटाड्याही ते धाडस करता ना. डचांनी जहाज एका कुशीवर कलतं केलं, म्हणजे ते पाण्यात कमी बसेल, आणि सुखरूप नेलं.

माझगावकर

बरोबर. जहाज सरळ उभं असताना पठाण सगळ्यात खाली असते. तोफा किंवा नीरम (तोल राखायला तळात ठेवलेलं वजन) एका अंगाला सरकवलं की जहाज कलतं, पठाण तिरकी होऊन थोडी वर येते आणि जहाजाचा कुशीचा गोल भाग खाली जातो. थोडीच जागा मिळते, पण वाळू चुकवायला तेवढी पुरते. जास्त कललं तर तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरतं. अनोळखी जहाजावर, अनोळखी नदीत, शत्रूच्या मुलखात हे करणाऱ्या खलाशांना माझा मुजरा.

शिलेदार

हेच मला म्हणायचं आहे. डोलकाठी, तुम्ही सगळं श्रेय इंग्रजांच्या गलथानपणाला देताय, हे मला पटत नाही. यान फान ब्राकेल हा कप्तान आधीच्या दिवसात हुकूम मोडल्याबद्दल अटकेत होता. साखळीवर पहिला घुसायला तो स्वतः पुढे झाला. साखळीजवळचं पहाऱ्याचं जहाज युनिटी त्याने घेतलं. मागून पेटती जहाजं साखळीवर सोडली, ती तुटली, तिथली आणखी दोन जहाजं जळाली. दुसऱ्या दिवशी आणखी आत जाऊन रॉयल जेम्स, रॉयल ओक आणि लॉयल लंडन जाळली, आणि तेही अपनॉर किल्ल्याच्या तोफा चालू असताना. याला पगाराचा प्रश्न कसं म्हणणार?

(पेटवून शत्रूवर सोडायच्या जहाजाला 'आगबोट' म्हणावंसं वाटतं, पण मराठीत आगबोट म्हणजे वाफेची. म्हणून 'पेटती जहाजं'.)

डोलकाठी

शिलेदार, फान ब्राकेलच्या शौर्याबद्दल वाद नाहीच, आणि मी ते मूळ लेखात लिहायला हवं होतं. माझा मुद्दा त्याच्या समोर कोण उभं होतं हा आहे.

मंक ११ जूनला चॅटमला पोचला. पुढे पार्लमेंटला दिलेल्या जबाबात तो सांगतो की गोदीच्या हजेरीपटावर ८०० माणसं, पण जागेवर बाराच्या आसपास, तीही भेदरलेली. सामान हलवायला होड्या हव्या होत्या, त्या लोकांनी स्वतःची चीजवस्तू हलवायला नेलेल्या. गोदीचा प्रमुख पीटर पेट याने जहाजांच्या लाकडी प्रतिकृती होडीतून हलवल्या आणि रॉयल चार्ल्स मात्र नदीत आणखी वर सरकवलं नाही, असा आरोप झाला. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकलं. सगळं खापर एकट्या पेटवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. प्रतिकृती म्हणजे त्या काळचे जहाजांचे आराखडेच. जहाज जळलं तर त्यावरून दुसरं बांधता येतं, प्रतिकृती गेली तर नाही. पण ही ८०० माणसं का नव्हती? कारण महिनोन्महिने पगार नव्हता.

खलाशांची तर याहून वाईट गत. जहाजावरून उतरताना हातात पैसे नाहीत, तिकीट. तिकीट म्हणजे पगारचिठ्ठी : अमुक महिने काम केलं, अमुक रक्कम देणे. ती लंडनच्या कचेरीत वटवायची. कचेरीत रोकड नाही. मग पोट भरायला खलाशी ती चिठ्ठी दलालाला पडत्या भावात विकायचे. आपल्या भाषेत, सरकारने हुंडी दिली आणि सरकारच ती वटवेना.

आणि शेवटचा दाखला. १४ जूनला पीप्सने लिहिलंय की डच जहाजांवर इंग्रज खलाशीही होते. ते तिथून ओरडून सांगत होते : आजवर आम्ही तिकिटांसाठी लढलो, आता डॉलरसाठी लढतो. (डॉलर म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं.) अमका कसा आहे, तमका कसा आहे, अशी ओळखीच्यांची चौकशीही ते करत होते. स्वतःच्याच खलाशांनी शत्रूच्या डेकवरून हे ऐकवावं, याहून मोठा पराभव कुठला?

शिलेदार

ही शेवटची नोंद मला माहीत नव्हती. अर्धं पटलं. उरलेलं अर्धं मी द रॉइटरसाठी राखून ठेवतो.

तळटीप

मुंबईचा मुद्दा तुम्ही घाईने सोडलात. म्हणजे मुंबई घ्यायला हेच जहाज आलं होतं का?

डोलकाठी

नाही, हा गोंधळ बऱ्याच ठिकाणी दिसतो म्हणून स्पष्ट करतो. रॉयल चार्ल्स भारताकडे कधीच आलं नाही. जून १६६१ च्या तहात हुंडा ठरला : टँजियर, मुंबईचं बंदर आणि बेट, शिवाय वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी). त्या रकमेचा पहिला हप्ता रोख मिळेल या आशेने माँटॅग्यू लिस्बनला पोचला, तर रोख थोडी आणि बाकी साखर व इतर माल. जहाजात राणी आणि साखर घेऊन तो परतला.

मुंबईकडे वेगळं आरमार निघालं, मार्लबरोच्या अर्लच्या हाताखाली, सोबत सर अब्राहम शिपमन आणि सुमारे ४०० सैनिक. सप्टेंबर १६६२ मध्ये ते मुंबईसमोर उभे राहिले आणि पोर्तुगीजांनी ताबा द्यायला नकार दिला. इंग्रज म्हणत होते बेटं सगळी, पोर्तुगीज म्हणत होते साष्टी, ठाणे यांचा संबंध नाही. आरमार परतलं आणि सैनिकांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरवलं. दोन पावसाळ्यांत रोगराईने बहुतेक सगळे गेले, शिपमनही गेला. जेमतेम शंभर माणसं घेऊन त्याचा चिटणीस हम्फ्रे कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबई ताब्यात घेतली. तिकडे मार्लबरो त्याच वर्षी लोस्टॉफ्टच्या लढाईत मेला, जिथे रॉयल चार्ल्स लढत होतं.

मेडवेचा मार बसला तेव्हा इंग्रजांच्या राजाकडे नदी राखायला पैसे नव्हते, तर सात समुद्रांपलीकडचं बेट राखायला कुठून असणार? मार्च १६६८ मध्ये त्याने मुंबई वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मेडवेनंतर नऊ महिन्यांनी. मुंबई कंपनीच्या हाती गेली त्यामागे हीच रिकामी तिजोरी आहे, असं मला वाटतं.

माझगावकर

अंजदीवची गोष्ट आमच्याकडे कुणी सांगतच नाही. तीनशे माणसं एका बेटावर तापाने मेली, आणि आपण फक्त 'हुंड्यात दिली' एवढंच पाठ करतो.

ट्यूलिप

मी रॉटरडॅमजवळ राहते. हा धागा वाचून गेल्या शनिवारी राइक्सम्युझियमला गेले. याआधी दोनदा त्या कोरीवकामासमोरून गेले असेन, थांबले नव्हते. फोटोत कळत नाही, पण ते अवाढव्य आहे. खाली उभं राहिलं की मान वर करावी लागते. आणि मनात आलं की हे जहाजाच्या पाठीचा फक्त तुकडा आहे.

घरापासून हेलेफुट्स्लाउस लांब नाही. रॉयल चार्ल्स तिथेच नेऊन ठेवलं होतं ना? लढाईत का वापरलं नाही डचांनी?

डोलकाठी

किती छान केलंत! हो, तिथेच. वापरलं नाही कारण तेच माझगावकर काकांचं गणित. डच बंदरं उथळ, वाळूने भरणारी, म्हणून त्यांची मोठी जहाजंही बुडाला चपटी. इंग्रज जहाज पाण्यात खोल बसायचं, त्यांच्या बंदरांत ते जोखमीचंच. मग ते लोकांना दाखवायला ठेवलं. परदेशी पाहुण्यांना नेऊन दाखवायचे, आणि इंग्लंडचा राजा त्यावर चिडायचा. १६७३ मध्ये लिलाव करून मोडीत काढलं. राजचिन्ह तेवढं राखलं.

खलाशाची_बहीण

इथे मी फक्त वाचायला येते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझा भाऊ मालवाहू जहाजावर आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या जहाजाच्या मालकाने पैसे देणं थांबवलं. परदेशातल्या एका बंदराबाहेर सात महिने जहाज नांगरावर. पगार नाही, शेवटी शेवटी डिझेल नाही, प्यायचं पाणी मोजून. जहाज सोडून उतरावं तर पगारावरचा हक्क जाईल ही भीती, आणि उतरू देत तरी कोण होतं? आई रोज विचारायची, आणि मी रोज त्याचा मेसेज वाचून दाखवायचे : 'पुढच्या आठवड्यात होईल.'

शेवटी कोर्टाने जहाज जप्त केलं आणि लिलावात विकलं. त्या पैशातून पहिल्या काही देण्यांत खलाशांचा पगार असतो, तसा कायदा आहे, म्हणून त्याला बरीचशी रक्कम मिळाली. धाग्यात लिलावाचं वाचलं आणि मनात आलं की रॉयल चार्ल्स विकलं तेव्हा त्याच्या खलाशांच्या चिठ्ठ्या कुणाकुणाच्या घरात पडून असतील.

त्या बायकांबद्दल काही सापडतं का? घरी थांबलेल्या?

डोलकाठी

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. भाऊ सुखरूप आहे ना आता?

सापडतं. १० जुलै १६६६, म्हणजे चार दिवसांच्या लढाईनंतर महिनाभराने. पीप्स आरमाराच्या कचेरीत आला तर अंगण बायकांनी भरलेलं, त्याच्या अंदाजाने तीनशेहून जास्त. नवरे डचांच्या कैदेत, घरात दमडी नाही, म्हणून पैसे मागायला आलेल्या. त्या रडत होत्या, शिव्याशाप देत होत्या, आणि आपल्या घरचा बाहेर जाणारा मांसाचा पदार्थ त्या हिसकावून घेतील अशी पीप्सच्या बायकोला धास्ती. दुपारनंतर गर्दी पांगली. एक बाई मात्र तेवढी नुसती नवऱ्याबद्दल हळहळताना त्याच्या कानावर आली होती. त्याने तिला जवळ बोलावून थोडे पैसे दिले. तिने आशीर्वाद दिला आणि ती निघून गेली. तिचं नाव त्याने लिहिलेलं नाही.